पेशंटचं नाव टायगर

दाढीचे चार केस मी चिमट्याने उपटले आणि स्लाइडवर ठेवले. पेशंटच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसत तो म्हणाला, "मॅडम, आता लिहूनच द्या. न्हाव्याच्या वस्तऱ्यानं झालं म्हणून."

पेशंट म्हणजे जनार्दन पाटील. तळोज्याजवळच्या एका गावातले. जमीन कंपन्यांसाठी गेली, आता दोन टेम्पो होते. गालावर लाल, सुजलेली गोल चकती, कडेला बारीक पू. तसल्याच चकत्या घेऊन त्यांच्या गावातले आणखी सहा पुरुष पंधरवड्यात आमच्याकडे येऊन गेले होते. मेडिकलमधून कुठलीतरी ट्यूब आणून सगळ्यांनीच लावली होती. तिने आग तेवढी थांबली आणि चकती मात्र वाढली.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. त्यात कातडी विरघळते, बुरशी विरघळत नाही. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर केसाभोवती मण्यांच्या माळा गुंडाळल्यासारखी बुरशी. म्हणजे नायटा. याबद्दल वाद नव्हता.

"बघा," आमचे मेडिकल ऑफिसर कुलथे सर म्हणाले. "पुस्तकात याचं नावच 'बार्बर्स इच' आहे."

नावातच न्हावी. पाटील खूश झाले. गावाने नाक्यावरच्या न्हाव्याच्या, मारुतीदादाच्या, टपरीवर आधीच बहिष्कार टाकला होता. आता दवाखान्याचा कागद मिळाला की ती नाक्यावरून उठवायची, असं ठरलं होतं. मारुतीदादा साताऱ्याकडचा. बायको, दोन मुली आणि त्या टपरीतल्या दोन खुर्च्या, एवढाच त्याचा संसार.

"रिपोर्टवर बुरशी आहे एवढंच लिहीन," मी म्हटलं. "कोणामुळे ते स्लाइडवर दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी मारुतीदादा स्वतःच आला. पिशवीत वस्तरा, कात्री, ब्रश, साबणाची वाटी, सगळं घेऊन. टेबलावर मांडून ठेवलं.

"मॅडम, हे तपासा. मलाबी तपासा. गिऱ्हाईक बदललं की मी ब्लेड बदलतो. गरम पाण्याशिवाय ब्रश वापरत न्हाई. चूक माझी असंल तर मीच टपरी उचलतो."

त्याचे हात, नखं, मान, सगळीकडची खरवड घेतली. हत्यारांची घेतली. काहीच मिळालं नाही. पण 'मिळालं नाही' म्हणजे 'नव्हतंच' असं लॅबमध्ये म्हणता येत नाही. कालचा ब्रश आज धुतलेला असू शकतो. मारुतीदादाला हे समजावताना मला वाईट वाटलं. तो सामान परत पिशवीत भरत राहिला.

त्याच आठवड्यात पाटलांची आई, हिराबाई, साखर तपासायला आली. रक्त घ्यायचं म्हणून मी तिच्या बांगड्या खाली सारल्या, दंडाला रबर बांधलं आणि थांबले. हाताच्या आतल्या बाजूला दोन गोल चकत्या. तिसरी मानेवर.

"आजी, हे कधीपासून?"

"झालं पंधरा दिस. खाजतंय मेलं."

"तुम्ही न्हाव्याकडे गेला होतात?"

"मी काय दारी करते का गो?" म्हातारी हनुवटीवरून हात फिरवत इतकी हसली की मला सुई बाजूला ठेवावी लागली.

ती गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. चकती कुठे आहे हे मी प्रत्येकाच्या नावापुढे लिहीत असे. सातही पुरुषांना उजव्या गालावर. आता कुठला न्हावी एकच गाल करतो?

सरांना रजिस्टर दाखवलं. त्यांनी दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "रविवारी जीप काढू."

पाटलांच्या अंगणात पोचलो तर तिथे जत्रा भरल्यासारखी माणसं. कारण होतं टायगर. टायगर म्हणजे पाटलांचा शर्यतीचा खोंड, दोन वर्षांचा, काळाभोर. पहिल्याच शर्यतीत त्याने नाव काढलं होतं. तेव्हापासून येणारा प्रत्येकजण त्याच्या गळ्यात हात टाकी, गालाला गाल लावी आणि मग चहाला बसे. खोंड एका बाजूला भिंतीला लागून बांधलेला. त्यामुळे सगळे एकाच बाजूने भेटत आणि गाल लागे तो उजवाच. हिराबाई त्याला रोज मिठी मारून पेंड खाऊ घालत होती.

"पाटील, गळ्यातला पट्टा काढता का?" सर म्हणाले.

घुंगरांचा रुंद पट्टा सुटला. खाली राख फासल्यासारखे तीन गोल डाग, केस झडलेले.

"ते पट्ट्यानं घासलंय," पाटील घाईने म्हणाले.

"मग तपासायला काय हरकत?"

दोघांनी शिंगं धरली, मी खरवडलं. टायगरने माझी ओढणी चावली, पण सॅम्पल मिळालं. लेबलवर मी नियमाप्रमाणे लिहिलं: नाव टायगर, वय दोन वर्षं, धंदा शर्यत.

लॅबमध्ये सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्याच माळा. बराच वेळ बघून ते म्हणाले, "यांनी दाढी कुठे केली?" पुढे मुंबईच्या मोठ्या लॅबचा रिपोर्टही आला. गुरांकडून माणसाला लागणारी बुरशी.

पाटलांना सांगणं अवघड होतं. त्यांनी रिपोर्ट दोनदा उलटसुलट केला. मग विचारलं, "मारावं लागंल का त्याला?"

"छे! मलम लावा, उन्हात बांधा, गोठा धुऊन काढा. गुरांचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत शर्यत नाही आणि मिठी नाही. तुम्हाला गोळ्या देतो. दाढी महिनाभर बंद."

पाटलांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "आणि मारुतीचं काय करू?"

"ते औषध आमच्याकडे नाही," सर म्हणाले.

पाटलांनी ते स्वतःच शोधलं. भर बाजाराच्या दिवशी, सगळं गाव नाक्यावर असताना, ते टपरीत शिरले आणि खुर्चीत बसले. दाढी बंद होती, म्हणून म्हणाले, "कटिंग कर."

मारुतीदादाने कापड झटकलं, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बसा पाटील. पन आधी हात धुवा."

सगळा नाका हसला. पाटील उठले आणि धुऊन आले. संध्याकाळपर्यंत दुसरी खुर्चीही रिकामी राहिली नाही.

महिना-दीड महिन्यात सगळ्यांचे गाल साफ झाले. टायगरला थोडा जास्त वेळ लागला. एवढं मात्र मी त्या प्रकरणातून शिकले, की पेशंटला 'कोणामुळे झालं' असं विचारू नये. उत्तर त्याने आधीच ठरवलेलं असतं. 'दिवसभर काय काय करता' असं विचारावं.