राजाच्या होड्या

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. मी ऑफिसला निघालो होतो. घराजवळच्या डीमन स्टेशनवरूनच परत फिरलो.

त्यानंतर मास्ट्रिख्टला शिकणारी आमची मुलगी रोज फोन करू लागली. जेवलास का, कचरा बाहेर ठेवलास का, सगळं इंग्रजीत; लहानपणापासून तिची तीच सवय. आईचा विषय मात्र ती काढत नसे, मीही नाही. कोणी आधी बोलायचं, हेच ठरत नव्हतं.

जूनमध्ये एक ईमेल आली. एका उत्खननावर हौशी मदतनीस म्हणून पत्नीने हिवाळ्यातच आम्हा दोघांची नावं देऊन ठेवली होती. मध्ययुगातल्या एका राजाचं 'याख्तहाउस', भोवती खंदक. या देशात आल्यापासून घरात डच भाषेचं खातं तिच्याकडे होतं. भाषेची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली, मी तिसऱ्या. "अरे, याख्त म्हणजे यॉट," तिने मला समजावलं होतं. "राजाच्या होड्या ठेवायचं घर. म्हणून तर खंदक." मला पटलं होतं.

नकार कळवायला शब्द जुळेनात, म्हणून शनिवारी स्वतःच गेलो. एका कुरणात लांब चर खणलेला. तळाशी मोठाल्या विटांचा पाया, शेजारी काळ्या मातीचा रुंद पट्टा. तोच बुजलेला खंदक. काम पाहणाऱ्या बाई वयस्क होत्या. जुन्या विटा मोठ्या असत, पुढे लहान होत गेल्या, म्हणून दहा थरांची उंची मोजली की भिंतीच्या वयाचा अंदाज येतो, असं त्या सांगत होत्या.

"आणि होड्या कुठे ठेवत?" मी विचारलं.

"कुठल्या होड्या?"

"याख्त."

त्यांनी खंदकातून निघालेलं एक हाड दाखवलं. हरणाचं, सुरीच्या खुणांसकट. याख्त म्हणजे होडी, आणि याख्त म्हणजे शिकारही. हे राजाचं शिकारीचं घर होतं.

इथल्या अकरा वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या डचमधली चूक सापडली होती, आणि सांगायला ती नव्हती.

"यादीत दोन नावं आहेत," बाई म्हणाल्या. "पत्नी?"

डचमध्येही 'ती मार्चमध्ये वारली' अशा वाक्यात क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं. तिथवर पोचायला थोडा वेळ मिळतो. मी पोचलो. मग होड्यांचं सांगितलं. बाई हसल्या, हसल्याबद्दल माफी मागितली आणि पुन्हा हसल्या.

"मग खंदक कशाला?" मी विचारलं.

"दिमाख. भोवती पाणी असलं की घर मोठं वाटतं."

त्यांनी मला टूथब्रश दिला. घरात अंडंही न आणणारा मी दुपारभर हाडं धूत बसलो.

संध्याकाळी फोनवर मुलीला सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला तो रडण्याचा वाटला. ती हसत होती.

"बाबा, आईने कबूल केलं नसतं हां," ती चक्क मराठीत म्हणाली. "म्हणाली असती, होडीत बसूनच शिकार करत असणार."

"आणि डिक्शनरी चुकीची ठरवली असती."

"तुलाच परत परीक्षेला बसवलं असतं."

फोन तासभर चालला. आईशिवाय दुसरा विषय निघाला नाही.

उन्हाळा सरताना चर पुन्हा मातीने भरला. पाया मातीखालीच नीट टिकतो, म्हणून तशीच रीत आहे. आता तिथे गवत आहे आणि गाई चरतात. मुलगी रोज फोन करते. कचऱ्याचं इंग्रजीत विचारते, आईबद्दल मराठीत बोलते.