दारापाशी थांबलेला सात नंबर

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. खडकीला रेल्वेलाइनच्या बाजूला दोन खोल्या, बाबा पिंपरीच्या एका यंत्रांच्या कारखान्यात, आणि युनियनची पत्रकं लिहायचं काम त्यांच्याकडे. बुधवार पेठेतल्या छापखान्यातून गठ्ठे यायचे. पिवळा, गुलाबी, पातळ कागद. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, आणि पलीकडची उद्गारचिन्हं माझ्या बाराखडीतून डोकावायची. वाटून उरलेली पत्रकं घरात पसरलेली असत. त्यांवर भाजी निवडली जाई, पोळ्यांखाली ती घातली जात. जेवतानाही आम्ही कुणाचा तरी निषेध वाचत असू.

मग कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. बाबांनी त्यातल्या ‘स्वेच्छा’ या शब्दावर एक जळजळीत पत्रक काढलं. कारखाना तरीही बंद झाला. त्या जागेवर निळ्या काचांची इमारत उभी राहिली आणि बाबा एका कुरिअरच्या ऑफिसात पत्त्यांप्रमाणे पाकिटं लावू लागले. लिहिणं थांबलं. त्यांना लिहायला सांगणारंच कुणी उरलं नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. वर्गातली मुलं क्लास लावून कॉम्प्युटरच्या भाषा शिकत होती, हिंजवडीच्या बसमध्ये कधी चढायला मिळेल याची वाट बघत होती. मी कँटीनबाहेर कंत्राटी सफाई कामगारांविषयीची पत्रकं वाटत होतो. बाबांची आग माझ्यात उतरली आहे असं सगळे म्हणत. मीही म्हणे.

त्या वर्षी आमच्या कॉलेजनं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकांकिका उतरवायचं ठरवलं. पुण्यात या स्पर्धेपुढे परीक्षा किरकोळ असते. दिग्दर्शिका माझ्या एक वर्ष पुढे होती, मांजरीहून दोन बस बदलून यायची आणि आल्या आल्या कुणाचा तरी पाणउतारा करायची. संहिताही तिचीच. एका कंपनीचा वरचा मजला, बंद दार, दहा कर्मचारी आणि नऊ खुर्च्या. भोंग्यातून एक गोड आवाज येतो. प्रत्येक फेरीला संगीत थांबतं, जो उभा राहील त्यानं दाराबाहेर जायचं. बाहेर गोळीचा आवाज. मग आणखी एक खुर्ची कमी. कोणालाच नाव नाही, गळ्यातल्या पट्टीवर फक्त नंबर.

मला तिनं सात नंबर दिला.

सात नंबर चौथ्या फेरीत मरतो. तोपर्यंत तो इतरांच्या आडोशानं जगतो. भोंगा विचारतो, “कोणाची काही हरकत?” तेव्हा हा हात वर न्यायला लागतो, आणि अर्ध्यावर आल्यावर त्याच हातानं कान खाजवतो. त्याची पाळी आल्यावर तो दारापाशी जातो, वळतो आणि विचारतो, “डबा घेऊ का बरोबर?” संपलं. एवढंच त्याचं काम.

“हा माणूस काही करतच नाही,” मी वाचनाच्या दिवशीच म्हणालो.

“करतो ना. घाबरतो.”

“मरताना तरी त्यानं बोललं पाहिजे. हा सगळ्या नोकरदारांचा अपमान आहे.”

“सगळ्या नोकरदारांना विचारून आलास वाटतं.” तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “हे बघ, भाषण देणारे मला हवे तेवढे मिळतील. तुला हा का दिला माहितीये? तू कँटीनसमोर बोलतोस तेव्हा तुझे गुडघे लटपटतात. लांबून नाही कळत. मी पुढे उभी होते.”

बाकीचे हसले. मला इतका राग आला की त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांना सगळी गोष्ट सांगितली, गुडघे वगळून.

“मरायला चाललाय आणि डबा विचारतो?” बाबा म्हणाले. “कुणी लिहिलंय हे?”

“एका मुलीनं.”

“कारखान्याच्या गेटवर कधी उभी राहिली नसेल ती.” आणि मग त्यांनी चष्मा शोधला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना कागदाला समास पाडताना बघत होतो. त्यांनी लिहिलं, मी खोडलं, त्यांनी पुन्हा लिहिलं. सात नंबर दारापाशी वळतो आणि म्हणतो, “मित्रांनो, खुर्च्या कमी कोण करतंय ते बघा! एकमेकांकडे काय बघताय!” तिथून पुढे दहा-बारा वाक्यं. बाबांनी ती उभं राहून म्हणून दाखवली. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली तेव्हा त्यांनी आवाज आणखी वाढवला. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा झाला होता.

मी हे तालमीत कुणालाही न सांगता प्रयोगात करणार होतो. ते चोरून करणार हे बाबांनाही ठाऊक नव्हतं. संहितेबाहेर बोललं तर परीक्षक मार्क कापतात आणि वेळ उलटून गेली तर अख्खी एकांकिका बाद होते, हे मला माहीत होतं. बाद झालो तरी चालेल, सत्य बोललं गेलं पाहिजे, असं मी स्वतःशी म्हणे. बसमध्ये म्हणे, आंघोळ करताना म्हणे. भाषण तोंडपाठ होतं.

प्रयोगाच्या दिवशी बाबा पांढरा शर्ट इस्त्री करून आले. कुरिअरच्या ऑफिसातून त्यांनी रजा काढली होती. पडदा उघडायच्या आधी वरच्या बाल्कनीतून पोरांचा दंगा चालू होता, घोषणा, शिट्ट्या, दुसऱ्या कॉलेजची टिंगल. मी विंगेत उभा होतो आणि मनात पहिलं वाक्य धरून होतो, गर्दीत पाकीट धरतात तसं.

चौथी फेरी आली. संगीत थांबलं. मी उभा राहिलो. दाराकडे चालत गेलो. वळलो.

समोर नुसता अंधार होता. रंगमंचावरचे दिवे डोळ्यांत आणि त्यापलीकडे काही नाही, पण त्या अंधारात सगळे होते. बाबा होते. परीक्षक होते. माझ्या मागे नऊ महिने घाम गाळलेली पोरं होती, असं मला त्या क्षणी वाटलं. खरं तर तालमी सव्वा महिन्याच्या. मी तोंड उघडलं. ‘मित्रांनो’ हा शब्द जागेवरच होता, मला तो दिसत होता, फक्त उचलता येत नव्हता. गुडघे हलायला लागले.

“बोल की रे!” बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं.

मी हात वर करायला गेलो. तो कानापाशी थांबला. आणि माझ्या तोंडून बारीक, चिरका, माझ्या ओळखीचा नसलेला आवाज आला, “डबा घेऊ का बरोबर?”

सगळं नाट्यगृह हसलं. मग एकदम चिडीचूप झालं. मी बाहेर पडलो, विंगेत मुलांनी फळी आपटली, गोळी वाजली.

संध्याकाळी निकाल लागला. आम्ही अंतिम फेरीत गेलो आणि अभिनयाचं एक प्रमाणपत्र मला मिळालं. परीक्षक माइकवर म्हणाले, “सात नंबर करणाऱ्या मुलानं भीतीचा अभिनय केला असं मला वाटलंच नाही. तो खरोखर घाबरला होता.” टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

बाबा बाहेर गाड्यांच्या रांगेपाशी थांबले होते.

“भाषण?” त्यांनी विचारलं.

नुसतं “जमलं नाही” म्हणायचं होतं. दोन शब्द. त्यांना तेही समजलं असतं, आज मला खात्री आहे. मी म्हणालो, “तिनं कापलं. ऐन वेळी.”

“कोणी, त्या मुलीनं?” आणि माझ्या हातातलं प्रमाणपत्र न बघता ते तिच्याकडे निघाले. ती सेटच्या खुर्च्या टेम्पोत चढवत होती. मी मागे धावलो, पण धावताना काय म्हणायचं ते सुचत नव्हतं.

“अहो, तुम्ही दिग्दर्शिका ना? माझ्या मुलाचं भाषण तुम्ही कापलंत?”

तिनं खुर्ची खाली ठेवली. कोणतं भाषण, असं ती विचारणार याची मी वाट बघत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

“हो काका,” ती म्हणाली. “मीच कापलं.”

“का?”

“वेळ पुरला नसता.”

“वेळ!” बाबांचा गेटवरचा आवाज निघाला. आजूबाजूची पोरं थांबून बघायला लागली. “तुमच्या वयाचे असताना आम्ही पोलिसांच्या गाडीसमोर उभं राहून बोललोय. वेळ बघितला नाही. सरळ सांगा, घाबरलात.”

“हो. घाबरले.”

“त्याला बोलू द्यायचं होतं. आग आहे त्याच्यात.”

“आहे ना,” ती म्हणाली, आणि पुन्हा खुर्ची उचलली.

मी तिथेच होतो, दोघांपासून हातभर अंतरावर. बाबांचा आवाज चढत होता, ती “चुकलं काका, चुकलं” म्हणत होती, आणि मला एका वाक्यात हे थांबवता आलं असतं. मी टेम्पोची साखळी लावायला मदत केली.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी सगळ्यांच्या आधी गेलो. ती एकटीच होती, फरशीवर खडूनं खुर्च्यांच्या जागा आखत होती.

“काल मी…”

“अंतिम फेरीला दारापाशी इतका थांबू नकोस,” ती वर न बघता म्हणाली. “वेळ जातो.”

बाबा अंतिम फेरीला आले नाहीत. कामगाराचं तोंड बंद करणाऱ्यांच्या नाटकाला टाळ्या वाजवायला आपण जाणार नाही, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं आणि निषेध म्हणून कुरिअरच्या ऑफिसात जास्तीची पाळी केली. ते येणार नाहीत हे कळल्यावर मला हायसं वाटलं. त्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे दारापाशी वळलो, नीट वेळेत विचारलं आणि बाहेर पडलो. गुडघे मला मुद्दाम हलवावे लागले.