पाकिटावरचा ‘आधी’

“मास्क जरा नीचे कर.”

कारखान्यात कॅन्टीनच्या पायरीवर बसलो होतो. शेठच्या पुतण्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला होता. मी मास्क खाली केला. कामगार माणूस, सांगितलं की करतो. त्याने फोटो काढला, बघितला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, “देखा? ऐसा चाहिए था. एकदम हारा हुआ.”

दोघे हसले. मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याला माहीत नव्हतं. त्याच सकाळी मी पालघरला डॉक्टरकडे जाऊन आलो होतो. लग्नाला वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर म्हणाले, “तुमची नळी बंद आहे. बीज बाहेर येतच नाही. ऑपरेशनने उघडेल किंवा नाही. गोळ्या-चूर्णाने मात्र उघडणार नाही.”

आणि मी कामाला कुठे? बोईसरला, गोळ्यांच्याच कारखान्यात. अश्वगंधा, गोखरू, सफेद मुसळी, खाजकुइलीचं बी. दळायचं, कॅप्सूलमध्ये भरायचं, पाकिटात घालायचं. पुरुषाला बाप करणारं औषध. अंगाला चोवीस तास त्याचा वास, आणि घर रिकामं.

नवीन पाकीट छापून आलं. त्यावर दोन फोटो. डावीकडे मी. खाली लिहिलेलं, ‘आधी’. उजवीकडे गोरापान, दाढी कोरलेला कुणीतरी, कडेवर बाळ. त्याच्याखाली ‘नंतर’. म्हणजे गोळ्या खाल्ल्या की मूल तर होतंच, वर रंगही उजळतो. मला कुणी विचारलं नव्हतं. पुतण्याने एक पाकीट माझ्या हातात कोंबलं. “ले, तेरे लिए फ्री.”

मी खाल्ल्या त्या गोळ्या. डॉक्टरने सांगितलेलं असूनही खाल्ल्या. आशा सुटत नाही माणसाची. व्हायचं ते झालंच नाही.

माझं काम सरकत्या पट्ट्यावर, पाकिटं खोक्यात भरायचं. दिवसभर माझंच तोंड माझ्यासमोरून सरकत जायचं. हरलेलं. एक खोक्यात घातलं की दुसरं हजर. घरी जेवायला बसलो तरी ते समोर यायचं. आरशासमोर दाढी करताना वाटायचं, आता याच्याखाली कुणीतरी ‘आधी’ लिहून ठेवलेलं दिसेल.

माझं नाव गेलं. पट्ट्यावरची पोरं म्हणायला लागली, “ए आधी, चाय ला.” रिक्षा स्टँडवर, “या आधीशेठ, बसा.” बेटेगावला चुलत भावाच्या मुलाचं बारसं होतं. माझी बायको मंजू पाळण्याच्या दोरीला हात लावायला पुढे झाली. बायकांत काहीतरी कुजबुज झाली. एकीने तिला हळूच मागे सारलं. हसतहसत. मंजूचा हात तसाच हवेत राहिला.

 घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “माजा नवरा ‘आधी’. मंग मी कोण वो?”



मग पुतण्याला व्हिडिओ सुचला. पाकिटावरचा ‘आधी’ आता बाप झालाय, असा. शूटिंग केळव्याला, समुद्रावर. केळवे म्हणजे मंजूचं माहेर. मी म्हणालो, “साहेब, मला मूल नाही.” तो म्हणाला, “तो किसको पता? बच्चा हम ला देंगे.”

मंजूला सांगितलं. ती मासे साफ करत होती. हात थांबले तिचे. “तुमी तसं बोललात नं ते मोबाईलवर फिरलं, तं लोकं मला इचारतील, पोर कुटं हाय? मी काय दाखवू त्यांना?”

तरी गेलो. नोकरी जाईल म्हणून गेलो. घाबरून.

सुरूच्या झाडांखाली कॅमेरा लावला होता. मासळी सुकवणाऱ्या एका बाईचं तान्हं बाळ त्यांनी मागून आणलं. बाकीच्या बायका कामं टाकून बघत उभ्या होत्या. त्यांत मंजूची आई.

बाळ माझ्या हातात दिलं.

काय सांगू. ऊन ऊन होतं. टाळूला खोबरेल तेलाचा वास. त्याने माझं बोट धरलं आणि सोडेना.  ती पकड अजून बोटावर आहे. भाकरी मोडताना जाणवते. गर्दीत चालताना जाणवते. जात नाही.

“स्माईल!” पुतण्या ओरडला. “बोल, मैं बाप बन गया. और वो ‘आधी’ वाला मुंह मत बना.”

मी सासूकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता.

मी उठलो. बाळ त्याच्या आईकडे नेऊन दिलं. परत येऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. तो चालूच होता.

“मी बाप नाय. ह्या गोळ्या मीच भरतो, मीच खाल्ल्या. मला पोर नाय. माजा फोटो तुमी न इचारता छापलात. मी ‘आधी’ नाय. मला नाव हाय.”

 मग पुतण्या म्हणाला, “कट करो. निकालो इसको.”

काढलं. व्हिडिओतूनही, कामावरूनही. नंतर दुसराच कुणीतरी त्यात बाप झाला. पाकिटं मात्र तीच. बोईसरच्या मेडिकलमध्ये काउंटरवर माझं तोंड अजून रचून ठेवलेलं असतं.

ऑपरेशनचं मी आणि मंजू बघू. तो आमचा प्रश्न आहे.

आता मी मेडिकलच्या दारात उभा राहतो. कुणी इकडेतिकडे बघत, खालच्या आवाजात ते पाकीट मागतो. मी पुढे होतो. पाकीट माझ्या गालाशी धरतो. “बघ, हा मीच. मला पोर झालं नाय. लाजू नको. आधी डॉक्टरकडून तपासून घे.”

दुकानदार शिव्या घालून हाकलतो. मी पुढच्या दुकानात जातो. तोंड माझं आहे. त्याने काय बोलायचं, ते आता मी ठरवणार.