मधमावशीची परीक्षा

गल्लीत तिला सगळे मधमावशी म्हणत. घरामागच्या उतारावर तिच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. माशी चावली की नखाने काटा खरवडून काढायची आणि कामाला लागायची. मग एका दुपारी मानेवर एकच माशी चावली. तळहात खाजायला लागले, ओठ सुजले, श्वास घशातच अडला. नवऱ्याने दवाखान्यात पोचवलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन बसलं, म्हणून वाचली.

"पेट्या विकून टाक," नवरा म्हणाला. "मध काय, दुकानातही मिळतो."

"मग बायकोही तिथूनच आणा."

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई अशाच रुग्णांवर संशोधन करत होत्या. माशीचंच विष आधी नखभर, मग हळूहळू वाढवत टोचायचं आणि शरीराला त्याची सवय लावायची. नेमका किती डोस पुरतो, हे त्यांना शोधायचं होतं. मधमावशीने संमतीच्या कागदावर सही केली. पेट्या तोवर जाऊबाईंनी सांभाळल्या. "तुझ्या या लाडक्या लेकी एक दिवस मला खातील," असं रोज करवादत, पण सांभाळल्या.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. खरी माशी, खरा डंख. खाटेशेजारी ऑक्सिजन, हाताला आधीच सलाईन, नर्सच्या हातात भरलेली सिरिंज. दाराच्या काचेपलीकडे नवरा.

"नको वाटलं तर आत्ताही थांबू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थांबले तर घरी जाऊन काय करू? खिडक्या लावून बसू?"

नर्सने माशीची काचेची नळी तिच्या हातावर पालथी धरली. माशी फिरली, थबकली, मग डसली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. नर्स हसणार, तोच मधमावशी तळहात चादरीवर घासू लागली.

"बाई, घसा... तेच होतंय."

मांडीत सुई गेली. छाती धडधडली, हातपाय थरथरले; डोळे मात्र तिने मिटू दिले नाहीत. हळूहळू श्वास मोकळा झाला. मग ती ढसाढसा रडली.

"नापास झाले ना?"

"तुम्ही नाही, डोस नापास झाला," डॉक्टरीणबाई तिच्याजवळ टेकत म्हणाल्या. "हा तुम्हाला पुरत नाही, हे कळलं. तेच तर शोधत होतो. वाढवून बघायचं का? घाई नाही, विचार करून सांगा."

घरी चपला काढताना नवरा म्हणाला, "पुढच्या वेळी मी आत बसणार. काचेतून बघवत नाही."

वाढवलेल्या डोसावर बरेच महिने गेले. दुसऱ्या परीक्षेला तो खाटेशी बसला, तिच्याहून घामाघूम. माशी डसली. हात सुजला, लाल झाला, ठणकला. सगळे वाट बघत राहिले. पुढे काहीच झालं नाही.

आता ती पुन्हा पेट्या उघडते. अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनचं पेन कमरेच्या पिशवीत असतं, आणि ते कसं टोचायचं हे जाऊबाई शिकून आल्यात. पेट्यांपाशी एकटीने जायचं नाही, हा घरातला नवा कायदा. तो मोडायला ती अधूनमधून बघते. जाऊबाई मोडू देत नाहीत.