गालाला लावलेली बॅटरी

अहेरीच्या पुढे, जंगलात आमचा कॅम्प होता. मी राखीव दलात कॉन्स्टेबल, मूळचा चिमूरचा. वायरलेस ऑपरेटर रतन मेश्राम पोंभुर्ण्याचा. सेटच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या चार्ज करणं त्याचं काम.

कॅम्पवर वीज नव्हती. डिझेल वाचवायला जनरेटर थांबून थांबून चालवत. तो सुरू झाला की चार्जर पुन्हा पहिल्यापासून चार्जिंग धरायचा, बॅटरी भरलेली असली तरी. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज कोंबली की ती तापते आणि आतून खराब होत जाते. आमच्यात रीत उलटी होती. गस्तीला निघताना बॅटरी गालाला लावायची. गरम लागली म्हणजे फुल्ल.

रतनला हे पटत नसे. भरली की काढा, गार होऊ द्या, पुन्हा लावू नका, असं तो सांगायचा. हुकूम मात्र गस्त निघेपर्यंत बॅटरी चार्जरवर ठेवण्याचा होता.

नव्या बॅटऱ्यांसाठी मी स्टोअरच्या हवालदाराशी भिडलो. मी बाजारात वाढलेला माणूस, नकार ऐकून परत फिरत नाही.

"साहेब, ह्या बॅटऱ्या गेल्या. नव्या द्या."

"हिरवा लाइट लागते ना? मंग काऊन डोकं खाऊन राह्यला?"

"लाइट चार्जरचा हाये. बोलाले बॅटरी लागते."

"तुले तर बोलाले काहीच लागत नाई!"

सगळे हसले. बॅटऱ्या मिळाल्या नाहीत.

त्याच आठवड्यात, भरदुपारी, गस्तीवर असताना नाल्याजवळ फायरिंग झालं. रतनच्या मांडीत गोळी शिरली. मी जखमेवर पट्टा आवळला. त्यानं सेट उचलला.

"बेस, एक जखमी..."

एवढंच गेलं. मग बोलायचं बटण दाबलं की सेट बंद. सोडलं की चालू. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला जास्त. दुसरी बॅटरी लावली. तीही तशीच.

"पार्टी, लोकेशन सांगा. हेलिकॉप्टर तयार आहे. ओव्हर."

बेस विचारत राहिला. आम्ही ऐकत राहिलो.

"सलीमभाऊ, तूच ओरड ना," रतन म्हणाला. "तुहा आवाज जाते अहेरीवरी."

त्याला पावसात पांघरायच्या पाँचोत घालून उचललं. रस्ता लागण्याआधी तो गेला.

चौकशीत ठरलं, ऑपरेटरनं बॅटरी चार्ज केली नव्हती. मी आवाज चढवला, तर मलाच समज मिळाली. तो राग अजून गेलेला नाही.

वर्षातून एकदा पोंभुर्ण्याला जातो. रतनची आई चहा ठेवते आणि विचारते, "खरंच इसरला होता का माहा पोरगा?"

"नाई, बाई."

ती मान हलवते. तिला हे दलाच्या तोंडून ऐकायचं आहे.