भिंत बघायला धुळ्याला

ही पोस्ट मी ऑगस्टपासून टाळतोय. आता जानेवारी संपत आला. मधल्या काळात मी तोरणमाळवर लिहिलं, उनपदेवच्या गरम पाण्यावर लिहिलं, बाइकची चेन घरी कशी साफ करावी यावरही लिहिलं. चार-पाच जणांनी विचारलं की जळगाव-धुळे रोडवर लिही, इतकी माणसं रोज जातात. मी प्रत्येकाला "हो हो, लिहितो" म्हणालो. रोड सोपा आहे, लिहायला काही नाही. अवघड दुसरंच होतं.

आधी आमच्या घराबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही तिघं: आई, ताई, मी. वडील भुसावळला रेल्वेत होते, मी सहा वर्षांचा असताना गेले. आईने जळगावच्या एका डाळ मिलमध्ये वीस वर्षं डाळ निवडली. त्या डाळीवर ताई इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, बी.एड. झाली, मग एका संस्थेच्या शाळेत अनुदान येईल येईल म्हणत दोन वर्षं बिनपगारी शिकवत राहिली. अनुदान आलं नाही. तेवढ्यात तिला कळलं की कोरियातल्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजी शिकवायला बाहेरच्या देशांतून शिक्षक घेतात आणि आपल्याकडचे बी.एड. झालेलेही चालतात. कागदपत्रांत आठ महिने गेले. मग ती गेली. मी बारावी अर्धी, आयटीआय अर्धं आणि बाइक पूर्ण असा माणूस, त्यामुळे घरात आईजवळ मी उरलो.

तिकडचं विचारणारे बरेच आहेत, म्हणून ताईकडून ऐकलेलं थोडं सांगतो. तिची शाळा समुद्राकाठच्या खेड्यात आहे, तेवीस मुलं. आठवड्यात दोन दिवस ती बसने आणखी दोन शाळांमध्ये जाते, कारण एका शाळेला अख्खा इंग्रजीचा शिक्षक परवडावा इतकी मुलंच नाहीत. राहायला शाळेकडून एक खोली मिळते. बूट दाराशी काढून आतल्या चपला घालायच्या. दुपारी मुलं, शिक्षक, हेडमास्तर सगळे एकाच हॉलमध्ये स्टीलच्या खणांच्या ताटात जेवतात. करार वर्षाचा, दरवर्षी नवा. आईला यातलं जेवणाचं तेवढं पटलं होतं. मास्तर पोरांबरोबर जेवतो म्हणजे शाळा चांगली, असं तिचं मत.

श्रावणात आई धुळ्याला मामाकडे गेली, राखीसाठी चार दिवस आधीच. तिथे तिला धाप लागली. मामांनी एका खासगी दवाखान्यात दाखल केलं आणि मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी ताईला फोन लावायला मी मोबाइल काढला, तर आईने मनगट धरलं. "तिले सांगू नको. तिनी शाया चालू शे. बठ्ठं बरं व्हई जाई." सगळं बरं होऊन जाईल, म्हणाली.

तिकडे सुट्टी होती हे आम्हाला माहीत होतं. पण सुट्टीतही वेगळे वर्ग असतात, असं ताईने सांगितलेलं. आई मिलमधल्या बायांना अभिमानाने सांगायची, मनी पोर सुट्टीमा बी शिकाडस. वर्ग सोडून आली तर करार मोडेल, अशी तिला भीती. मलाही.

म्हणून व्हिडिओ कॉल मीच धरायचो. सलाइनची नळी दिसू द्यायची नाही, खाटेचा लोखंडी दांडा दिसू द्यायचा नाही. आईच्या केसांना तेल लावायचं, पदर सारखा करायचा, आणि नुसता चेहरा आणि मागची भिंत. पहिल्याच कॉलला ताई म्हणाली, ही हिरवी भिंत कुठली? मी पटकन बोलून गेलो, घराला रंग दिला, पिस्ता. आई खुदकन हसली आणि तिने मला सांभाळून घेतलं. "तुले आवडना का?" ताई म्हणाली, खूप. तिने स्क्रीनशॉटही काढला.

अकराव्या दिवशी आई गेली.

ताईला मग खरं सांगावंच लागलं, भिंतीचं तेवढं राहिलं. ती पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला, सगळं उरकलेलं होतं. मी तिला जळगाव स्टेशनवरून घरी आणलं. दारावर सांत्वनाला आलेल्या बाया बसल्या होत्या. ताई उंबऱ्यात थांबली आणि भिंतीकडे बघत राहिली. आमची भिंत निळी, चुन्याची, कोपऱ्यात पोपडे आलेले. लहानपणापासून तशीच.

"रंग कुठंय रे, भाऊ?"

बायांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. शेजारच्या अक्कांनी तिला पाणी दिलं. मी तिला आत ओट्यापाशी नेऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं. त्यानंतर गंधमुक्ती होऊन सुतक फिटेपर्यंत ती माझ्याशी चहा, चादर, चाव्या एवढंच बोलली. गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून दारात उभी राहिली. "मला ती भिंत दाखव."

तर हा तो प्रवास. जळगाव ते धुळे साधारण पंचाण्णव किलोमीटर, बाइकने सव्वादोन तास. पाचशेचं पेट्रोल पुरतं, परत येऊन थोडं उरतंही. पाळधीपर्यंत ट्रकची गर्दी, पुढे रस्ता मोकळा. दोन्ही बाजूला कपाशी गुडघ्याएवढी झालेली. एरंडोलला माझा हात सवयीने इंडिकेटरवर गेला. तिथून डावीकडे पद्मालय, तळ्यात कमळं, ऑगस्टमध्ये बघण्यासारखं. तुम्ही गेलात तर नक्की वळा. ताई मागून म्हणाली, "सरळ चल." मला आयुष्यात सरळ कुठे जाता आलेलं नाही. त्या दिवशी गेलो.

पारोळ्याच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो. शेवभाजी आणि भाकरी, दोघांचं मिळून दोनशे चाळीस. रस्सा तिखटजाळ, कच्चा कांदा मागाल तेवढा. ताईने अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटाकडे बघतच बोलायला लागली.

सुट्टीत वर्ग नव्हतेच. पहिला एक आठवडा मुलांचं शिबिर होतं, तेवढंच. पुढे तीन आठवडे शाळा रिकामी. पण बाहेरच्या शिक्षकाला सुट्टीतही रोज येऊन टेबलाशी बसावं लागतं, तसा करारच असतो. सकाळी पावणेनऊ ते पावणेपाच. मुलं नाहीत, मास्तर नाहीत, फळा कोरा. आईला हे सांगायची तिला लाज वाटली होती. जिच्या डाळीवर शिकले तिला कसं सांगायचं, की मी खुर्ची गरम करायचा पगार घेते? म्हणून वर्ग आहेत म्हणाली.

"तुम्ही सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी निघाले असते. मी कुंड्यांना पाणी घालत होते, भाऊ. दुसरं काही करत नव्हते."

ढाबेवाले नाना भाकरी घेऊन आले, आमची तोंडं बघून तसेच मागे फिरले.

रिकाम्या शाळेत तिच्याखेरीज एकच माणूस यायचा, चोई काका. आपल्या शाळेतला शिपाई, माळी, सुतार, सगळं एकात, वय साठीच्या आसपास. इंग्रजी येत नाही. मोबाइलवर बोलायचं, मोबाइल भाषांतर करून ऐकवतो. ते दुपारी उकडलेली कणसं आणायचे आणि विचारायचे, आई बरी आहे का. ताईने त्यांना स्क्रीनशॉट दाखवला. आईने घर रंगवलंय, म्हणाली. काकांनी फोटो मोठा करून पाहिला, पाठवून घेतला, आणि चार दिवस खपून इंग्रजीच्या वर्गाची मागची भिंत तसल्याच रंगाने रंगवली. तुला शिकवताना समोर घर दिसेल, असं मोबाइलने वाचून दाखवलं. त्याला दोन दिवस झाले आणि आई गेल्याचा माझा फोन तिला गेला.

"आता मी तिकडे जाऊन रोज दवाखान्याच्या भिंतीसमोर 'गुड मॉर्निंग' म्हणायचं," ताई म्हणाली. "जमेल का ते बघायचंय. नाही जमलं तर जात नाही."

मी ताटातला रस्सा पीत राहिलो. माझ्या पोटात अजून एक गोष्ट होती.

धुळ्यात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. भेटायची वेळ अकरा ते बारा. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. नशिबाने रिकामी होती, गादी उन्हात टाकलेली. सिस्टरने मला ओळखलं, पाच मिनिटं म्हणाली.

पिस्ता रंगाचा ऑइल पेंट. उशीच्या वर, टेकून बसलेल्या डोक्याच्या उंचीवर, तेलाचा एक मोठा काळपट डाग. किती जणांची डोकी तिथे टेकली असतील, पण त्यात आईचंही होतं. मीच लावलेलं तेल. ताई लोखंडी जाळीवर बसली आणि तिने डोकं बरोबर त्या डागावर टेकवलं. "तू कुठे उभा होतास?" मी उभा राहिलो. "धर तसाच." मी मोबाइल धरला, तसाच, नळी आणि दांडा वगळून. ती उठून माझ्याजवळ आली आणि स्क्रीनवरची रिकामी भिंत बघत राहिली.

"खरंच घर वाटतं," म्हणाली. "किती वेळा धरलास?"

दोनदा, म्हणालो. आणि मग राहिलेलं बोललो. तुम्हालाही तेच सांगायचं इतके महिने टाळत होतो. नवव्या दिवशी सकाळी आईने स्वतः सांगितलं होतं, पोरीले फोन लाव, माले बोलनं शे. मी म्हणालो, दुपारी लावतो, आणि पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडलो. लळिंगचा किल्ला धुळ्यापासून दहा किलोमीटर. ढग खाली उतरले होते, व्हिडिओ चांगला येईल असं वाटलं. वर रेंज नव्हती. परत आलो तेव्हा सात वाजले होते, तिकडे साडेदहा. आई म्हणाली, निजनी हुई ती, सकाळी लाव. सकाळी आईला बोलता येत नव्हतं.

तो व्हिडिओ तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलाय. मी आता काढून टाकलाय.

ताई ओरडेल असं वाटलं. तिने सिस्टरचे आभार मानले, जिना उतरली, बाइकजवळ उभी राहिली. "लळिंगवरून काय दिसतं?"

म्हणून आम्ही लळिंगला गेलो. गाडी गावात महादेवाच्या देवळापाशी लावा. चढ पाऊण तासाचा, पावसाळ्यात दगड निसरडे, चपला नकोत, पाणी बरोबर घ्या. ताई एकदाही थांबली नाही. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी भरलेली, गवत कमरेएवढं. ढग नव्हते, लांब धुळं स्वच्छ दिसत होतं. ती दवाखाना शोधत होती. मीही शोधला. नाही दिसत तिथून.

"छान आहे जागा," ती म्हणाली. "मीसुद्धा व्हिडिओ काढला असता." आणि मग टाक्याच्या काठावर बसून रडली. घरात आल्यापासून पहिल्यांदा. मी जवळ बसलो, पण हात लावायची हिंमत झाली नाही. थोड्या वेळाने तिनेच माझी बाही धरली, उठायला.

येताना अमळनेरवरून आलो. रस्ता अरुंद आहे पण ट्रक कमी. धरणगावजवळ पावसाने गाठलं, भिजतच घरी.

दोन दिवसांनी ती निघाली. जमेल का, असं मी स्टेशनवर विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. गाडी हलायच्या आधी खिडकीतून एवढंच म्हणाली, "रविवारी फोन करीन. पहिलं वाक्य खरं बोलायचं. दोघांनी."

तेव्हापासून दर रविवारी तसंच चाललंय. मी म्हणतो, आज जेवलो नाही. ती म्हणते, या आठवड्यात दोनदा भिंतीकडे बघून शिकवलं, तीनदा तिच्याकडे पाठ फिरवून. मी म्हणतो, कामावरून काढलं मला. ती म्हणते, चोई काकांना अजून सांगता आलेलं नाही. आई गेली हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. भिंत कुठली ते माहीत नाही.

दिवाळीला तिने पार्सल पाठवलं, सुकी मासळी आणि माझ्यासाठी हातमोजे. मी त्याच दिवाळीत पिस्ता रंगाचा एक डबा आणला. घर रंगवलं की निदान एक गोष्ट खरी होईल असं वाटलं. डबा उघडला नाही. उशिरा खरं केलेलं खोटं हे खोटंच, असं काहीतरी मनात येत राहिलं. किंवा आळस. भिंत निळीच आहे, त्यावर आईचा फोटो आहे, फोटोला हार आहे. त्या प्रवासातून माझ्याकडे काय राहिलं, तर एक तेलाचा डाग आणि एक नियम. धुळ्याला आता जातो तेव्हा लळिंगकडे बघत नाही.

एवढं लिहिलं आणि दारात रिक्षा थांबली. रिक्षावाला बाहेरूनच विचारतोय, "भाऊ, हे बाबा तुमच्याकडेच का? लेणी पाहून अजिंठ्याच्या गाडीतून उतरले, मघापासून माले फोटोच दाखवू राहिले." त्याच्यामागे एक बुटके, पांढऱ्या केसांचे गृहस्थ आहेत. एका हातात ताईच्या अक्षरातला आमचा पत्ता, पार्सलच्या वेळचा असावा. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर तेल लावलेल्या केसांची आई आणि हिरवी भिंत. बूट त्यांनी फाटकाबाहेर रस्त्यावरच काढलेत. उघड्या दारातून आत बघतायत, आईच्या फोटोकडे, मग भिंतीकडे, मग पुन्हा हातातल्या मोबाइलकडे.

ताईला तर हे माहीतही नसेल. तिकडे हिवाळ्याची सुट्टी, ती आत्ता रिकाम्या शाळेत टेबलाशी बसली असेल.

चोई काकांनी मोबाइल माझ्यासमोर धरलाय, मी बोलावं म्हणून. पहिलं वाक्य.