ज्याने पाइप लावला त्याने काढायचा

मी सातवी शिकलेला वायरमन. ठाण्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, त्याच्या वायरी मी ओढलेल्या, म्हणून त्या खोलीची देखभाल माझ्याच गळ्यात पडली. नव्वदनंतरची गोष्ट. मोठं मशीन एक, त्याला जोडलेले पडदे बारा, आणि मशीन एका वेळी चौघांनाच कनेक्शन द्यायचं. स्टोअरवाला एकदा आत शिरला की चहाला जातानाही सोडायचा नाही. डिस्पॅचवाला बोंबलायचा, "काका, काढा त्याला, माझा ट्रक उभाय!"

मग प्रोग्रामर मॅडम आल्या. त्यांनी कनेक्शन घ्यायची-सोडायची एकच रीत बांधली, सगळ्या खात्यांचे प्रोग्राम तीच वापरणार. काम झालं की कनेक्शन आपोआप सुटायचं. पण एका कामाच्या पोटात दुसरं काम निघालं की गडबड. आतलं काम संपलं की ते कनेक्शन तोडून मोकळं, बाहेरचं अर्धवट लटकलेलं. माल स्टोअरमधून वजा, ट्रकच्या यादीत पत्ता नाही. मॅडम रडकुंडीला आल्या.

ठाकुर्लीला घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं. ती गवार मोडत होती.

"तुमच्या मॅडमना आमच्या चाळीच्या नळावर पाठवा," ती म्हणाली. "जिने पाइप लावला तिनेच काढायचा. माझं पिंप भरताना मी शेजारणीला चालू पाइप दिला, तर तिने हंडा भरून पाइप मला परत द्यायचा. नळ बंद केलान् तर झिंज्या उपटीन."

"आणि कुणी दिलाच नाही तर?"

"तर आपला लावायचा, आपणच काढायचा. एवढ्याला शिकायला लागतं?"

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. नळ आपल्या चाळीचा म्हटलं. बायकोचा शब्द काढला नाही. दोन दिवसांत मॅडमनी तसं बसवलं, ज्या कामाने कनेक्शन घेतलं त्यानेच ते सोडायचं, आणि चाललं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, कमाल आहे तुमची." मी गप उभा राहिलो. गोड लागलं मला ते.

"माझं नाव सांगितलंत?" घरी हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न.

"सांगितलं की. म्हणाल्या, वहिनींना एकदा घेऊन या."

एका खोट्याला दुसरं जोडलं. ती खूश. तेव्हापासून मागे लागली, "अहो, कधी नेताय?" नेलं तर मी उघडा पडणार. मग आज सुट्टी नाही, उद्या साहेब रागावतील, असं करत दीड वर्ष काढलं.

मग तिला कावीळ झाली. कल्याणच्या दवाखान्यात, शुद्धीवर होती तेव्हा मला म्हणाली, "मॅडमना वाटलं असेल, बोलावलं तरी आली नाही, माज आहे बाईला. माझ्या वतीने माफी मागा हां."

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोललो. दोन दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर कामावर गेलो आणि तसाच मॅडमपुढे उभा राहिलो. सगळं ओकलो. तिच्या वतीने माफीसुद्धा मागितली, तिने सांगितलेली.

मॅडमनी समोरचा कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाल्या, "काका, तेव्हाच सांगितलं असतंत तर मीच आले असते हो घरी."